अंतरपाट फाडून गेलेला ड्रोन

“दगड मारलाय त्यानं. गोफणीनं मारलाय. माझ्या पोराचा मुडदा पाडायला निघाला हुता त्यो. साहेब, आत्ताच्या आत्ता बेड्या घाला त्याला, न्हाईतर मी ह्या बोहल्यावरनं हलत न्हाय.”

नवरदेवाचे वडील ओरडत होते आणि त्यांच्या आवाजापुढे बँडवाल्यांनी आपापली वाद्यं खाली ठेवली होती. गृहस्थ गावचे माजी सरपंच. त्यांनी शिवारात हाक मारली की पलीकडच्या गावातले बैल थांबतात असं लोक म्हणत. मी म्हणतो, बैलांचं काय घेऊन बसलात, त्या दिवशी कुर्डुवाडीहून सुटलेली गाडीसुद्धा दोन मिनिटं थबकली असेल.

लग्नाचं आमंत्रण होतं म्हणून हवालदाराला घेऊन मी नेमका तेव्हाच लॉनवर पाय ठेवला आणि समोरचं दृश्य बघून जागच्या जागी उभा राहिलो. बोहल्यावर दोन माणसं दोन बाजूंना अजून अंतरपाट धरल्यासारखी उभी होती, फक्त दोघांच्या मधला अंतरपाट जागेवर नव्हता. त्याची लक्तरं नवरीच्या पायाशी पडली होती. नवरदेव पाटावरच मटकन बसलेला, मुंडावळ्या रक्तानं गालाला चिकटलेल्या. नवरीच्या हातात हार तसाच. आणि दोघांच्या मधोमध, उताणं पडलेल्या झुरळासारखा, एक पांढरा ड्रोन. त्याचं एक पातं अजून थरथरत होतं. मांडवातली पाचशे माणसं माना वर करून आभाळाकडे बघत होती.

उभ्या नोकरीत किती चोऱ्या, किती माऱ्यामाऱ्या पाहिल्या, त्यातली निम्मी तोंडं आता डोळ्यांपुढे येत नाहीत. पण ती दुपार आठवली की आजही मी आधी नकळत वर आभाळाकडे बघतो. सोलापूर जिल्ह्यातलं करमाळ्याच्या बाजूचं एक ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती सगळी मंडळी आता एकमेकांच्या घरी जेवायला जातात, त्यांच्या ताटात मी कशाला खडा टाकू?

झालं होतं ते असं. हल्ली लग्नात नुसता फोटोवाला चालत नाही, ड्रोन लागतो. सरपंचांना त्याहूनही वरचं काहीतरी हवं होतं. शेवटचं मंगलाष्टक संपून ‘सावधान’ झालं की ड्रोननं आभाळातून नवरा-नवरीवर अक्षता टाकायच्या, अशी त्यांची फर्माईश. कुर्डुवाडीच्या ड्रोनवाल्यानं त्यासाठी ड्रोनच्या पोटाशी कापडाची एक छोटी पिशवी टांगली. पिशवीचं तोंड खाली, ते एका दोरीनं आवळलेलं. बटण दाबलं की दोरी सुटणार, तोंड उघडणार, अक्षता पडणार. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात, कुंकवात रंगवलेल्या. लाल मोत्यांचा पाऊस पडणार म्हणून सरपंचांनी पत्रिकेत छापायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

‘सावधान’ झालं. ड्रोन नवरा-नवरीच्या डोक्यावर आला. पण पाऊस काही पडेना. लोक सांगत होते की ड्रोन पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला, उजवीकडे झुकला, डावीकडे झुकला, कोलांटी खाऊन सरळ खाली आला आणि अंतरपाट फाडून नवरदेवाच्या गालावरून गेला. डॉक्टरांनी गाल शिवला आणि म्हणाले, बोटभर वर लागलं असतं तर डोळा गेला होता. गुरुजी धीराचे. त्यांनी पंचा फाडून जखमेवर बांधला, उरलेला पंचा अंतरपाट म्हणून धरला आणि लग्न लावून टाकलं. त्यामुळे लग्नाचा प्रश्न मिटला. प्रश्न उरला तो, ड्रोन पाडला कुणी?

सरपंचांकडे उत्तर तयार होतं. नवरीच्या आत्याचा मुलगा. मामाच्या मुलीवर पहिला मान भाच्याचा, असं आमच्याकडे अजून धरून चालतात. ह्या पोरानंही धरलं होतं. मामानं मुलगी दिली बागायतदार सरपंचांच्या घरात. तरी पोरगा लग्नाला आला आणि सकाळपासून पंगतीचं पाणी भरत होता. त्याची ख्याती गोफणीची. ज्वारीच्या एका कणसावर चार पाखरं बसली तर हा म्हणे नेमकं डावीकडचं उठवायचा, बाकीची तीन खात राहायची. सरपंचांकडची दोन-तीन माणसं छातीठोक सांगत होती की मंगलाष्टक चालू असताना हा लॉनच्या मागच्या बांधावर उभा होता आणि ह्याच्या हातात गोफण होती. आम्ही अंगझडती घेतली. गोफण कमरेला गुंडाळलेली निघाली.

“लग्नात गोफण कशाला आणली रं?” हवालदारानं विचारलं.

“सकाळी पाखरं राखून तसाच आलोय. माघाचं दिवस हायेत. ज्वारी हुरड्यात हाय की.”

एवढंच बोलला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी नजर वळवली. कारण पोरगा मला ओळखत होता आणि मी त्याला. पोलीस भरतीत निवडून आला होता. त्याच्या चारित्र्य पडताळणीची फाईल माझ्याच टेबलावर पडलेली होती. ‘गुन्हा दाखल नाही’ एवढं लिहून सही करायची राहिली होती. आता गुन्हा त्याच्या नावावर दाखल झाला असता, तर पुढे कोर्टात तो निर्दोष सुटो नाहीतर देवासारखा पुजला जावो, ती भरती गेली ती गेलीच. आई शेतात राबते, बाप नाही. माळावर अनवाणी धावून धावून पोरानं ती जागा मिळवली होती.

आम्ही पंचनामा सुरू केला. ड्रोनच्या टरफलाला चेप आलेली होती. शेजारी गवतात लिंबाएवढा एक दगड सापडला. सरपंचांनी तो दगड असा उचलून दाखवला की जणू चंद्रावरून आणलाय.

“ह्यो बघा. पुरावा.”

“सरपंच, सोलापूर जिल्ह्यात दगड सापडणार नाही अशी एक जागा मला दाखवा,” मी म्हणालो. “मी तिथं निवृत्तीनंतर बंगला बांधतो.”

तरी दगड सील केला. नोकरीचा नियम सांगतो. मूर्खपणाचा पुरावाही सील करायचा, नाहीतर पुढे तोच शहाणपणाचा ठरतो.

मला मात्र दुसरंच काहीतरी खटकलं. ड्रोनमध्ये कॅमेरा असतो, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असतं, आणि त्या कार्डाचा खण रिकामा होता. ड्रोनवाला म्हणाला, “पडताना उडालं असंल साहेब.” आमच्या शिपायांनी आचाऱ्याकडून पिठाची चाळण आणली आणि बोहल्याभोवतीचं गवत चाळून काढलं. एक नथ सापडली, केसांचे दोन आकडे, एक कवळी, आणि कुणाच्या तरी बुटाची टाच. कार्ड नाही. कवळी न्यायला आजतागायत कुणी आलेलं नाही. ज्वारीच्या अक्षताही जेमतेम विखुरलेल्या दिसल्या. आणि पिशवी कुठंच नव्हती. ड्रोनच्या पोटाला तुटक्या दोऱ्याचा एक तुकडा लोंबत होता, बस्स. हवालदार म्हणाला, गर्दीत कुणाच्या पायाला अडकून गेली असेल.

ठाण्यात आलो तर सरपंच माझ्या आधी हजर. ठाणे अंमलदाराच्या टेबलाला टेकून फिर्याद सांगत होते. जिल्ह्यातून दोन फोनही येऊन गेले होते. त्यांना घाई होती, कारण जखम त्यांच्या मुलाच्या गालाला आणि नाचक्की त्यांची स्वतःची झाली होती. पाचशे माणसांसमोर आभाळातून मोती पडायचे होते आणि पडलं भलतंच.

मी फिर्याद घेतली, पण आरोपीच्या ठिकाणी ‘अज्ञात इसम’ लिहायला लावलं.

“अज्ञात कशाला? नाव सांगतोय न्हवं मी?”

“पुरवणी जबाब उद्या दुपारी घेऊ. नाव तेव्हा घाला. कुणाचंही घाला, मी अडवणार नाही. पण आज घाईत घातलेलं नाव उद्या खोडता येत नाही. शाई सरकारी असते, सरपंच.”

ते पाय आपटत गेले. भिंतीवरची दिनदर्शिका सरळ करावी लागली.

मग पोराची चौकशी. अनुभवाचं सांगतो, गुन्हेगाराला ठाण्यात आणलं की तो दोन गोष्टी मागतो, पाणी आणि वकील. निर्दोष माणूस बाहेर कुणाला तरी निरोप द्या म्हणतो. ह्यानं काहीच मागितलं नाही. बाकावर बसला आणि माझ्या टेबलावरच्या फायलींच्या चळतीकडे बघत राहिला. त्यातली आपली कुठली, ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, वरून दुसरी.

“तू दगड मारलास?”

“न्हाय.”

“बांधावर उभा होतास?”

“व्हय.”

“हातात गोफण होती म्हणतात.”

तो फायलींकडेच बघत म्हणाला, “साहेब, मी दगड मारला न्हाय. एवढं लिवा.”

“मामाच्या मुलीचं लग्न बघवलं नाही, म्हणून बांधावर गेलास?”

त्यानं मान खाली घातली. “पाणी भरून पाठ भरून आलीवती. जरा हवा खायला गेलो.”

हवालदार माझ्या कानाशी लागला. “साहेब, बोलत न्हाय म्हंजी पोटात काय तरी हाय.” मी म्हणालो, “पोटात आहे ते दुःख आहे. दुःखाला कलम लागत नाही.” माणसं वाचण्यात माझा हात धरणारा तेव्हा जिल्ह्यात कुणी नव्हता, असं माझं मत होतं. अजूनही आहे, थोडंसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली, तीही कपबशीतून. ठाण्यासमोरचा चहावाला माझा जुना खबऱ्या. कानावरून वारा गेला तरी तो त्याचं गाव सांगेल असा माणूस. चहा ठेवता ठेवता म्हणाला, “साहेब, तुमचा त्यो ड्रोनवाला काल माझ्याकडं बसला हुता. चार चहा प्याला. दर चहाला पाकीट काढायचा, आतलं काय तरी बारीक बघायचा आणि परत ठेवायचा. नोट न्हवती, नखाएवढं काय तरी हुतं. काळं.”

मी ड्रोनवाल्याला बोलावलं. वय तिशीचं, केस वर उभे, अंगावर ड्रोनचं चित्र असलेला काळा शर्ट. त्याचा पहिला जबाब मी आदल्या दिवशीच वाचला होता आणि तो मला नको इतका सुरेख वाटला होता. ‘पहाटेपासून ड्रोन उडेपर्यंत मी त्याच्याजवळून एक पाऊलही हाललो नाही.’ खरी माणसं असं बोलत नाहीत. खरा माणूस म्हणतो, जरा मुतायला गेलो होतो.

“अक्षता पिशवीत कुणी भरल्या?”

“मीच. दोन मुठी. मोजून.”

“जागेवरून हाललाच नाहीस?”

“शप्पथ.”

ह्या वेळी एक माशी आली आणि त्याच्या उजव्या मनगटावर बसली. त्यानं उडवली. ती परत तिथंच बसली. मग दुसरी आली. सगळं ठाणं सोडून, माझ्या टेबलावरची साखर सोडून, माश्या त्याच काळ्या बाहीवर का? मी त्याचा हात धरून बाही नाकाला लावली.

“जिलेबी,” मी म्हणालो.

त्यानं बाही मागे ओढली.

“लग्न लागायच्या आधी वऱ्हाडाला पंगत नसते, आणि लागल्यावर पंगत उठेपर्यंत तू माझ्या शिपायांबरोबर गवतात होतास. तुला जिलेबी कुठून मिळाली? आचाऱ्याकडे गेला होतास. कढईतली गरम खाल्लीस, पाक मनगटापर्यंत ओघळला. आणि कालचाच शर्ट घालून आज पोलीस ठाण्यात आलास, ही दुसरी चूक.”

“साहेब, लगीन दुपारचं, मी रात्रीपासून उपाशी हुतो...”

“पाकीट काढ.”

त्यानं काढलं. कार्ड बाहेर आलं. मग बांध फुटल्यासारखा बोलायला लागला. ड्रोन चालू करून, कॅमेरा लावून, तो बायकांच्या खोलीबाहेरच्या टेबलावर ठेवला होता. तिथल्या बायकांना सांगितलं की दोन मुठी अक्षता तेवढ्या पिशवीत घाला, तोंडाची दोरी मी लावलीय तशीच फिरवून अडकवा. आणि हा गेला जिलेबीकडे. परत आला तर पिशवी टांगलेली, त्यानं न बघता ड्रोन उडवला. ड्रोन पडल्यावर रात्री कार्ड लावून बघायची त्याची हिंमतच झाली नाही. “मी जागेवर न्हवतो हे त्यात दिसंल साहेब. सरपंच माझं चामडं सोलतील.”

कार्ड ठाण्यातल्या संगणकाला लावलं. मी, हवालदार, ड्रोनवाला, आणि दाराआडून चहावाला. ड्रोनच्या चित्रीकरणाला आवाज नसतो, नुसती चित्रं हलतात. सुरुवातीला टेबलाची कड, भिंत. मग एक पदर आला. हिरव्या चुड्यानं कोपरापर्यंत भरलेले दोन हात आले. त्यांनी ज्वारीची एक ओंजळ पिशवीत घातली. मग दुसरी. आम्ही थांबतील म्हणून बघत होतो. तिसरी घातली. मग चौथी आणि पाचवी. मग हात दिसेनासे झाले आणि परत आले ते हळकुंड घेऊन. मग सुपारी. मग सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी, आत मावेना म्हणून अंगठ्यानं दाबून बसवलेली. वरून घडी घातलेला खण.

हवालदारानं माझा दंड घट्ट धरला. “साहेब,” तो कुजबुजला, “वटी भरत्यायत. ड्रोनची वटी भरत्यायत.”

मी चाळीस खेड्यांत पोलीस म्हणून फिरलोय. भूत बघितलं म्हणणारे बघितलेत, भुताचा जबाब घेतलाय म्हणा हवं तर. पण तेव्हा जे झालं ते परत कधी झालं नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच वेळी हसू फुटलं, आणि दोन्ही एकमेकांना वाट देईनात.

पुढे त्या हातांनी पिशवीचं तोंड गोळा केलं, दोरी दोनदा फिरवली आणि करकचून गाठ मारली. पक्की, पदराला मारतात तशी. शेवटी एक चेहरा एकदम कॅमेऱ्यासमोर आला. रुंद कपाळ, त्यावर रुपयाएवढं कुंकू. बाईनं करंड्यात बोट बुडवलं आणि ड्रोनच्या कपाळाला कुंकू लावलं. ड्रोनचं कपाळ म्हणजे कॅमेऱ्याची काच. तिथून पुढचं सगळं लग्न लालभडक. फक्त खालच्या कोपऱ्यात बोटभर जागा स्वच्छ राहिली होती आणि त्या कोपऱ्यात पिशवी दिसत होती. भरलेली, जड, लंबकासारखी हेलकावे घेणारी.

“बटण दाबलं तर सुटंनाच,” ड्रोनवाला रडवेला होऊन म्हणाला. “मला वाटलं दोरी अडकली. म्हणून मी झटके दिलं. हिकडं, तिकडं.”

चित्रात तेच होतं. ड्रोन डावीकडे झुकला, पिशवी उजवीकडे गेली. ड्रोन उजवीकडे झुकला, पिशवी वर उसळली, आणि पुढच्या पात्यात गुरफटली. मग लाल आभाळ, लाल मांडव, लाल गुरुजी, आणि काळोख. कुठेही दगड नव्हता.

“हा चेहरा कुणाचा?” मी विचारलं, तरी मला थोडी कल्पना आली होती. मांडवात ह्या बाईंना येताना बघून सरपंचांनी तोंडातली शिवी गिळलेली मी पाहिली होती.

“सरपंचांची थोरली भैन,” हवालदार म्हणाला. “आक्का.”

दुपारी सरपंच पुरवणी जबाब द्यायला आले. येताना साक्षीदारही आणले होते. मी साक्षीदारांना बाहेर बसवलं, सरपंचांना संगणकापुढे खुर्ची दिली आणि काही न बोलता चित्रीकरण लावलं. पहिल्या ओंजळीला ते म्हणाले, “हे काय दाखवताय?” तिसरीला खुर्ची पुढे ओढली. खोबऱ्याच्या वाटीला त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. चेहरा आला तेव्हा तो बैल थांबवणारा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकावं लागलं.

“आक्का?”

“आता नाव घालू या,” मी कागद पुढे सरकवला. “सांगा. ‘अज्ञात’च्या जागी काय लिहू?”

त्यांनी कागद परत माझ्याकडे सारला. “साहेब, आक्काला ठाण्यात बोलवू नका. माझं काय बी करा.”

“महिलेचा जबाब घरी जाऊनच घ्यायचा असतो. चला, आम्हीच येतो.”

महिला शिपाई बरोबर घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. अंगणात मांडव तसाच होता. आक्का ओसरीवर गव्हातले खडे निवडत बसल्या होत्या. साठीच्या, आडव्या बांध्याच्या. आत नवी सून होती, दाराआड. सरपंच माझ्या पाठीमागे अशा बेतानं उभे राहिले की आक्कांना ते दिसू नयेत, पण सव्वासहा फुटांचा माणूस माझ्यामागे लपतो कसा?

“आक्का, त्या ड्रोनच्या पिशवीत तुम्ही काय घातलं?”

“वटीचं सामान.”

“त्यानं दोन मुठी अक्षता सांगितल्या होत्या.”

“त्यो गडीमाणूस. त्येला काय कळतंय?” आक्कांनी सुपातला खडा बाहेर फेकला. “आपल्या मांडवातनं पयल्यांदा निघालेलं, शुभ कामाला चाललेलं. त्याला दोन मुठी बांधून धाडायचं? लोकं काय म्हणतील, सरपंचाच्या घरात ज्वारी न्हवती?”

“पण ते यंत्र आहे.”

“ट्रॅक्टर यंत्र न्हाय व्हय? ट्रॅक्टरला नारळ फोडतुय की आपुन.”

ह्यावर कायद्यात उत्तर नाही. मी पुढचा प्रश्न घेतला. “आणि गाठ का मारली?”

आक्कांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी अजून शिकाऊ उमेदवारच आहे. “भरलेली वटी उघडी ठेवत्यात व्हय? वर वारं असतंय. सांडली म्हंजी?”

महिला शिपाई लिहिता लिहिता तोंडाला रुमाल लावून बसली होती.

“पडल्यावर पिशवी कुठं गेली?”

“मीच उचलली. सगळी येड्यागत पळत हुती, वटी पायदळी आली असती. सुनंच्या पदरात घातली. तिच्यासाटीच हुती न्हवं?”

दाराआडून नवी सून बाहेर आली. पिशवी तिच्याकडेच होती, फाटकी, पात्यानं कातरलेली, गाठ मात्र शाबूत. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा पुरावा आदल्या दुपारपासून नवरीच्या पदरात होता, आणि आम्ही चाळणीनं गवत चाळत होतो. हळकुंड होतं, सुपारी होती. खोबऱ्याची वाटी नव्हती. सकाळच्या आमटीत गेली होती, असं सुनेनं खाली मान घालून सांगितलं. पंचनाम्यात मी ‘खोबरे, वापरात आलेले’ असं लिहिलं. वरिष्ठांनी त्याखाली लाल रेघ मारली, पण विचारलं काही नाही.

“तुज्या पोराचा गाल माझ्यामुळं फाटला व्हय रं?” आक्कांनी पहिल्यांदाच मला ओलांडून मागे विचारलं.

सरपंच पुढे आले. “न्हाय आक्का. त्या ड्रोनवाल्याला चालवता येत न्हाय.”

“मग त्या बिनबापाच्या पोराला काल ठाण्यात का बसवलं?”

सरपंच आपल्या चपला शोधायला लागले. त्या संध्याकाळी त्यांनी लिहून दिलं की प्रकार अपघाताचा असून कुणाविरुद्ध तक्रार नाही. ड्रोनवाल्यावर विनापरवाना उड्डाण आणि निष्काळजीपणाची कारवाई झाली, तिचं पुढे व्हायचं ते झालं. वरून दुसरी फाईल मी काढली, ‘गुन्हा दाखल नाही’ असं ठसठशीत लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि त्याच टपालानं पाठवून दिली. इतक्या जोरात शिक्का मारला की टेबलाच्या लाकडावरही ठाण्याचं नाव उमटलं असेल.

ह्या प्रकरणातून काय शिकलो, असं मला निवृत्तीनंतर व्याख्यानांना बोलावतात तिथं विचारतात. मी सांगतो की जिथं हेतू दिसतो तिथं आपण गुन्हा शोधतो, आणि तीच पोलिसाची खोड आहे. नुकसान करणाऱ्याच्या मनात वाईट असेलच असं नाही. आक्कांच्या मनात मायेशिवाय काही नव्हतं आणि त्या मायेनं एकाचा डोळा आणि दुसऱ्याची नोकरी घ्यायची बाकी ठेवली होती. पोराच्या हातात गोफण पाहिली म्हणणाऱ्या सरपंचांच्या साक्षीदारांना मी खोटारडे ठरवलं होतं, मालकाच्या मीठभाकरीला जागणारे. व्याख्यानात इथपर्यंत आलं की टाळ्या पडतात आणि मी खाली बसतो. पुढचं सांगत नाही. ते इथं लिहितो.

पोरगा प्रशिक्षण संपवून, नवी खाकी घालून, भेटायला घरी आला. मी तेव्हा निवृत्त होऊन झाडांना पाणी घालत होतो. त्यानं कडक सलाम ठोकला. पत्नीनं पोहे केले. आम्ही ड्रोनचं सगळं पुन्हा आठवलं, खूप हसलो, त्याच्याही डोळ्यांत हसून पाणी आलं. मामाच्या मुलीला मुलगी झालीय, हेही त्यानं सांगितलं, अगदी सहज. जायला उठला तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. खरं तर विचारायची काही गरज नव्हती. कागद केव्हाच बंद झाला होता. पण माणसं वाचण्याची खुमखुमी निवृत्तीनं जात नाही, आणि आपलं वाचन बरोबर होतं हे समोरच्याच्या तोंडून ऐकायला कुणाला आवडत नाही?

“आता मी साहेब नाही,” मी म्हणालो, “म्हणून विचारतो. त्या दिवशी बांधावर नुसताच उभा होतास ना?”

तो बूट घालत होता. त्यानं नाडी बांधली, उभा राहिला, टोपी सरळ केली.

“न्हाय साहेब. गोफणीत दगड घातला हुता.”

माझ्या हातातला पाण्याचा पाइप चपलेवर वाहत राहिला. “मग?”

“मी फिरवायच्या आदीच पडला की त्यो.”